उजवा कौल

फेसबुकवर कोणी हरत नाही. दमतो, शिव्या देतो, नाहीतर ब्लॉक करतो. आठ महिने मी तिथं देवावरून भांडलो, पण समोरचा हरला असं एकदाही झालं नाही. त्यामुळे त्या दिवशी सकाळी वारूळवाडीतल्या माझ्या दुकानासमोर एक माणूस मोटारसायकलवरून उतरला आणि म्हणाला, "सडेतोड तुमीच ना? मी ज्ञानेश्वर. मी हारलो," तेव्हा मी आधी हातातला पाना खाली ठेवला नाही. म्हटलं, लागला तर असू द्यावा.

माझं खरं नाव मच्छिंद्र. पाण्याच्या जळलेल्या मोटारी भरून देतो. 'सडेतोड' हे फेसबुकवरचं. जुन्नर-आंबेगावातल्या लोकांचा तिथं एक ग्रुप आहे, त्यात सकाळी कांद्याच्या भावावरून सुरू झालेली चर्चा दुपारपर्यंत देवावर येते. माझी बायको पुष्पा म्हणते, "गिऱ्हाइकाची मोटार चार दिस पडलीया, आन् ह्यांना देव हाय का न्हाई त्याची घाई." वर्षातून एकदा मी वडिलांबरोबर बोरीला जाऊन बिरोबापुढं भंडारा उधळतो. ते मी ग्रुपवर लिहीत नाही. विचारलं कोणी?

ज्ञानेश्वरशी माझं भांडण कौलावरून होतं. कौल आमच्या धनगरांतही लावतात आणि त्याच्या डोंगरातल्या वस्तीवरही. शेंदूर लावलेल्या देवाच्या दगडाला डावी-उजवीकडे ओला तांदूळ चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवा दाणा आधी पडला तर देव हो म्हणाला, डावा पडला तर नाही. मी लिहिलं होतं, की पाणी वाळलं की दाणा पडतो, ज्या बाजूला ऊन लागेल तो आधी पडतो. देव बोलत नाही, ऊन बोलतं. आणि खाली ठोकून दिलं होतं, कौल लावणारे लोकांना फसवतात. लाइक धो धो आले. वस्तीवर कौल लावायचं काम ज्ञानेश्वरच्या घरात त्याच्या वडिलांपासून चालत आलेलं. तो दर वेळी एवढंच लिहायचा, "भाऊ, तुम्ही कधी लावून पाहिलाय का?" मी त्याला हसायची चिन्हं पाठवायचो.

"तुमी लिवलं तसं करून पाह्यलं," तो दुकानातल्या स्टुलावर बसत म्हणाला. "एकच प्रश्न सात दिस इचारला. चारदा उजवा आला, तीनदा डावा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दोन चहा सांगितले. याच्याबरोबर एक फोटो काढून ग्रुपवर टाकावा असंही मनात आलं. मग तो म्हणाला, "आता चला माझ्यासंगं. आईला समजावून सांगा."

त्याची आई लंकाबाई. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशन करावं का, म्हणून ज्ञानेश्वरनं वस्तीवरच्या कळमजाई देवीला कौल लावला, तो डावा आला. ऑपरेशन केलं नाही. मोतीबिंदू पिकला, आत फुगला आणि डोळा गेला. आता उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आला होता. त्याच दिवशी दुपारी चार वाजता वस्तीखालच्या रस्त्यावर फुकट ऑपरेशनच्या शिबिराची गाडी येणार होती. लंकाबाईचं एकच म्हणणं होतं, उजवा कौल आला तर जाईन.

"मग लाव की उजवा," मी म्हणालो. "थोडं पाणी कमीजास्त कर. गाडीत बसव म्हातारीला."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "भाऊ, मी आजवर कुणाला फसवलं न्हाई. मला खरं वाटत व्हतं म्हणून लावत व्हतो. आता खरं वाटत न्हाई. आता लावला तर तुमी लिवलं तसा मी फसव्या होईन. आन् एक डोळा तर मी घालवून बसलोय."

दुकानाचं शटर ओढलं आणि त्याच्या मागं बसलो. डिंभ्याचं धरण मागं टाकून गाडी चढाला लागली. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवत होतो. ग्रुपवर माझ्या तोंडी लागणारा कोणी नाही, मग एक म्हातारी काय चीज!

लंकाबाई ओट्यावर नाचणी पाखडत बसली होती, हातानं चाचपत. मी तिला सगळं सांगितलं. पाणी, ऊन, वजन, डोळ्यातली भिंगं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं का, पावणं?" ती म्हणाली. "माझ्या लेकाचा हात देवीवरून कुणी उठवला?"

"मी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

"मग तुमीच लावा. ज्यानं हात उठवला त्यानं आपला ठिवावा."

दोन वाजून गेले होते. कळमजाई वस्तीच्या वर, जांभळीच्या दाट सावलीत. तिथं पोचल्यावर पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली, की इथं दिवसभर कुठल्याच बाजूला ऊन लागत नसणार. माझी उन्हाची अक्कल तिथंच मुकाट झाली. म्हटलं, उजव्या दाण्याला पाणी कमी लावू. पण लंकाबाईनं वाटीतून दोन्ही दाणे स्वतः भिजवून माझ्या हातावर ठेवले आणि दगडाखाली दोन्ही बाजूंना आपले तळवे धरून बसली. दिसत नाही म्हणून हातानंच बघणार होती. फसवायला जागाच उरली नाही.

मी दाणे चिकटवले. "इचारा," ती म्हणाली. मी विचारलं, "आई, लंकाबाईनं ऑपरेशनला जावं का?" आणि वाकून बघत राहिलो.

दाणे हलेनात. पाव तास गेला, अर्धा गेला. ज्ञानेश्वर मागं उभा होता, पाठ करून. डावा पडला तर ही बाई आंधळी होणार आणि ती माझ्या हातानं. ग्रुपवरचे सगळे मुद्दे आठवून पाहिले, एकही कामाचा नव्हता. आणि मग मीच आतल्या आत म्हणायला लागलो, आई, उजवा दे. बिरोबा, तू तरी सांग तिला. मी, सडेतोड!

डावा दाणा सरकला. डोळ्यांदेखत खाली घसरला आणि कडेला अडकून थांबला. माझ्या छातीत कोंडलेला श्वास एकदम बाहेर पडला.

उजवा दाणा लंकाबाईच्या तळव्यावर पडला.

तिनं मूठ मिटली, कपाळाला लावली. "चल रं," ती लेकाला म्हणाली, "माझी पिशवी घे."

गाडी चारला पाच मिनिटं असताना आली. लंकाबाई पुढच्या सीटवर बसली, मूठ अजून मिटलेलीच. ज्ञानेश्वर पिशवी आत ठेवून माझ्याकडं परत आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "भाऊ, खरं सांगा. फुंकर मारली का तुमी?"

हो म्हणालो तर मी त्याच्या आईला देवीपुढं फसवलं, आणि हा माणूस ते पोटात ठेवणारा नव्हता. गाडीतच सांगितलं असतं, आणि म्हातारी उतरली असती. नाही म्हणालो तर देवी बोलली, आणि पहिल्या डोळ्याच्या वेळीही तीच बोलली होती. मी तोंड उघडलं. आठ महिन्यांत माझं उत्तर असं कधी अडलं नव्हतं.

"श्वास सुटला व्हता माझा," मी म्हणालो. "फुंकर व्हती का, मला ठावं न्हाई."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"ठावं न्हाई," ज्ञानेश्वर म्हणाला. "हे ग्रुपवर एकदा तरी लिवायचं व्हतं की, राव."

आणि तो आईशेजारी जाऊन बसला.