डाग निळा की तपकिरी

आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतात. लाल वाइनच्या डागाला धुण्याचा सोडा दाखवायचा नाही. आधी गार पाणी, मग बाकीचं. सोडा लागला की डाग निळा होतो, शाईसारखा, आणि मग तुम्ही जीव टाकलात तरी कापड सोडत नाही. माझी सून बारा वर्षं लाँड्रीत माझ्या हाताखाली आहे. तिला हे तीनशे वेळा सांगून झालंय. तरी त्या दुपारी तिनं हॉटेलातून आलेलं अख्खं गाठोडं सोड्याच्या टबात ओतलं.

मी तिला काय बोलले ते लिहीत नाही. पण नंतर तिच्या त्याच धांदरटपणानं घर सावरलं. हे मी तोंडानं अजून कबूल केलेलं नाही आणि करणारही नाही.

आमची लाँड्री हॉटेलच्या मागच्या बोळात. त्यांचं भटारखान्याचं दार आणि आमचं दार समोरासमोर. सव्वीस वर्षं त्यांचे टेबलक्लॉथ मी धुतेय. आत पांढऱ्या कापडावर कोण काय सांडतं ते मला त्यांच्या मालकाच्या आधी कळतं. माझा थोरला तिथेच जेवणाच्या हॉलमध्ये वाइन वाढतो. नुसता वाढत नाही, त्यातलं त्याला कळतं. कुठली बाटली आडवी ठेवायची, कुठली आदल्या दिवशी उभी करायची म्हणजे गाळ तळाला बसतो, हे तो जेवताना आम्हाला ऐकवायचा. मी म्हणायचे, अरे, जेव आधी, तुझी बाटली बसेल गाळ घेऊन.

तर त्या दिवशी साडेतीनला तो भर कामाच्या वेळेला दारात उभा. काळा कोट अंगात नव्हता, हातावर होता.

"आई, मला काढतायत."

"कोण काढतंय? बस आधी."

तो बसला नाही. इस्त्रीच्या टेबलाला एक फेरी मारली, परत आला, परत गेला. "पाचपर्यंत कबूल कर म्हणालेत मालक. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, आणि गावात दुसरीकडेही कुठे उभा राहू देणार नाही म्हणाले."

"काय कबूल कर?"

"की बाटली मी बदलली."

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. दुपारी नाकवाले जेवायला आले होते. त्यांचं खरं नाव काही का असेना, सगळे त्यांना नाकवालेच म्हणायचे, तोंडावरसुद्धा. वय सत्तरीचं. त्यांनी पेला हुंगून 'हं' म्हटलं की हॉटेलवाले पेटीच्या पेट्या मागवायचे आणि 'अंहं' म्हटलं की ती वाइन भटारखान्यात रश्शाला जायची. त्यांच्यासाठी मालकांनी तळघरातली फ्रान्सची बाटली काढली. अडतीस वर्षांची, मालकांच्या वडिलांनी घेऊन ठेवलेली. थोरल्यानं ती एकट्यानं बाजूच्या टेबलावर उघडली, मेणबत्तीच्या उजेडात गाळ मागे ठेवून काचेच्या सुरईत ओतली, पाच पेले भरले. नाकवाल्यांनी पेला फिरवला, हुंगला, घोट घेतला, परत हुंगला. आणि खाली ठेवून म्हणाले, "यात काहीच नाही. रंगीत पाणी आहे. बाटलीतली वाइन कुठे गेली?"

"बाकीचे चौघं?" मी विचारलं.

"ते आधीच 'वा, वा' म्हणाले होते. मग त्यांनी आपापलं 'वा' गिळलं. म्हणे, आम्हालाही जरा रिकामीच वाटली. मालकांनीही घोट घेतला आणि मान हलवली."

"आणि तू?"

"मी काय? मी वाढणारा. पण आई, ती तीच होती. ओतताना मला वास आला ना! सबंध टेबलावर वास पसरला होता."

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. "तू केलंस का?"

तो फेऱ्या मारायचा थांबला. "आई?"

"हो की नाही, एवढंच सांग."

"तूसुद्धा विचारतेस?"

हो, मी विचारलं. हजार माणसांची कापडं मी आतून बाहेरून पाहिलीत. कुणाच्या घडीत काय निघेल याची मी कुणाबद्दलही, पोटच्या पोराबद्दलही, शपथ घेत नाही. त्याला ते लागलं. लागू दे म्हटलं, आत्ता मलम लावायला वेळ नाही.

"त्यांच्या टेबलावर काही सांडलं होतं का रे?"

"एकानं घाईत पेला उलटा केला. का?"

टेबल नंबर चार. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं नंबर शिवलेला असतो. ते कापड पंधरा मिनिटांपासून सोड्यात होतं.

आता हे मला कुणी शिकवलं नाही. हातांनी शिकवलं. नवी लाल वाइन सोड्यात निळी पडते. पण जुनी, खूप जुनी, तिच्यातला तो भडक रंग वर्षानुवर्षांत जिरून गेलेला असतो. ती सोड्याला भीक घालत नाही. तपकिरी होती ती तपकिरीच राहते. मालकांच्या वडिलांच्या काळात असं कापड महिन्याला एखादं यायचं, तेव्हा मी नवी होते आणि सुनेसारखीच धांदरट होते.

टबापाशी गेले आणि हात पुढे होईना. म्हटलं, निळं निघालं तर? निळं निघालं तर मी काय करणार? कापड परत बुडवणार आणि गप्प बसणार? की याच हातानं त्याच्या थोबाडीत देणार? सून म्हणाली, "आई, मी काढू का?" म्हटलं, "तू आजच्यापुरतं पुष्कळ केलंस."

घातला हात. वर आलं ते कापड, मधोमध डाग, निळा. शाई सांडल्यासारखा निळा. थोरला मागे उभा होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं, तो माझ्याकडे बघत होता. मी कोपरा शोधला. नंबर नऊ.

चार नंबरचं तळाला होतं. डाग चहासारखा. तपकिरी, कडेला विटकरी. दोनदा चोळला, उजेडात धरला. तपकिरीच.

"ती तीच होती," मी म्हटलं.

"मी तेच सांगत होतो," थोरला म्हणाला. त्याचा आवाज मला आवडला नाही.

दोन्ही कापडं बादलीत टाकली आणि निघाले. तो म्हणाला, "आई, नको, शोभा होईल." म्हटलं, "झाली तेवढी पुरली नाही का? तू इथेच थांब." भटारखान्याचं दार दहा पावलांवर होतं, पण मी बोळ वळून रस्त्यावर गेले आणि पुढच्या दारानं आत शिरले. मागच्या दारानं चोराची आई जाते. दारवान म्हणाला, "मावशी, बादली?" म्हटलं, "हो, बादली. तुला दिसते ना? मग बाजूला हो."

मालकांची काचेची केबिन आहे. आत मालक उभे, नाकवाले बसलेले. समोर ती सुरई, तळाशी तिसरा हिस्सा वाइन अजून होती, पुरावा म्हणून ठेवलेली. आणि एक कोरा कागद. मालकांना त्यांच्याकडून तक्रार लेखी हवी होती. पेन नाकवाल्यांच्या हातात होतं, कागद कोराच होता.

मी बादली टेबलावर ठेवली आणि दोन्ही कापडं दाखवून सगळं सांगितलं. मालकांनी रुमाल नाकाला लावला. "मावशी, केवढा हा वास! ब्लीच आहे का?"

"सकाळपासून आचाऱ्यांचे एप्रन ब्लीचमध्ये घालतेय. हातच मुरलेत त्यात. वासाचं जाऊ द्या, रंग बघा."

"बघितला. पण मावशी, साहेबांच्या नाकापुढे तुमची बादली? लोक हसतील मला."

मी ऐकत नव्हते. मी नाकवाल्यांकडे बघत होते. ते डाग बघायला पुढे वाकले होते, बादलीच्या तोंडावर, माझ्या हातांपासून वीतभर. मालक दोन हात लांब असून डोळे पुसत होते. आणि ज्यांच्या नाकावर हॉटेलं चालायची, त्या माणसाची नाकपुडीसुद्धा हलली नव्हती.

त्यांनी मान वर केली. मी बघतेय हे त्यांना दिसलं. ते म्हणाले, "मालक, तुम्ही जरा बाहेर थांबा."

दार लागल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"साहेब, मी दोन यत्ता शिकलेली बाई आहे, पण आंधळी नाही."

पेन त्यांच्या बोटांत फिरत राहिलं. मग म्हणाले, "दोन महिने. ताप आला होता. परवा गॅसवर दूध जळून कोळसा झालं. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. शेजारीण धावत आली, तेव्हा कळलं."

"आणि माझ्या पोराला चोर केलंत."

"मला वाटलं होतं, या बाटलीनं येईल परत. कशानं आलंच तर हिनं येईल. दोन महिने आजच्या दिवसाकडे डोळे लावून होतो. पेला उचलला आणि काहीच नाही. नुसतं आंबट, ओलं. तोंडातून निघून गेलं, यात काही नाही म्हणून. मग मागे कसं घेणार? चार माणसं होती."

"बाहेर जाऊन सांगते मी. एका वाक्यात सांगते."

"सांगा," ते म्हणाले. "तुमचा हक्क आहे."

मी दाराकडे वळलेसुद्धा. मूठ धरली होती कडीवर. पण मेल्यानं अडवलं असतं, धमकावलं असतं, तर सोपं होतं. सांगा म्हणाला.

"या कामाशिवाय दुसरं काही येतं तुम्हाला?"

"नाही."

मग त्यांनी सुरईतली थोडी वाइन पेल्यात ओतली आणि माझ्यापुढे सरकवली. "एक कराल? मला सांगा, काय आहे त्यात."

"मी पीत नाही. मी धुते."

"हुंगा तरी. हात मागे ठेवून."

मला घाई होती. समोरच्या घड्याळात साडेचार व्हायला आले होते, पलीकडे बोळात पोरगा फेऱ्या घालत होता आणि हा माणूस मला पेला हुंगायला सांगत होता. हात पाठीमागे बांधून, शाळेत उभी केल्यासारखी, वाकून हुंगलं. "काही नाही. दारू."

"घाई करू नका. थांबून परत."

"माझ्याकडे थांबायला वेळ नाही हो!"

"तिनं अडतीस वर्षं काढलीत. तुम्ही दोन मिनिटं काढा."

परत वाकले. आणि मग आला. "पेन्सिल," मी म्हटलं. "पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तसा."

त्यांनी डोळे मिटले. "अजून."

"घड्याळाचा चामडी पट्टा. बाहेरून नाही, मनगटाकडची बाजू." आमच्या ह्यांचं घड्याळ मी रोज रात्री काढून ठेवायचे, ते त्यांना सांगितलं नाही. "कुंडी बदलताना मुळांना चिकटून येते ती माती. काळ्या मनुका, पण गोड नाहीत, गोड होत्या एवढंच."

"होत्या," ते म्हणाले. "बरोबर. आता घोट घ्या."

घेतला. आयुष्यात पहिला. लाज वाटली नाही.

"जिभेवर कशी आहे?"

मला शब्द सापडेना, मग हातातलंच सापडलं. "नवीन जाड सुती चादर असते ना, अंगाला टोचते? तीच वीस-पंचवीस वर्षं धुतली की काय होते? तशी. पीळ आहे, पण टोचत नाही. आणि गिळली तरी गेली नाही, अजून आहे."

"किती वेळ आहे?"

मी थांबले. पाय हलवत होते ते थांबवले. "अजून आहे," म्हटलं. "अजून."

त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, पुसलं नाही. "हीच ती. मी तिशीत असताना एकदा प्यायलो होतो. तेव्हा टोचत होती."

मग त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: वाइन अस्सल आहे, चूक माझी. खाली सही. मला वाचून दाखवलं. म्हणाले, "मी आहे तोवर हे आपल्यातच राहील?"

"मी काय दवंडी पिटणारी वाटते?"

"वाटता थोड्याशा," ते म्हणाले, आणि दोघंही हसलो.

बादलीतल्या कापडाचं पाणी टेबलावरून त्यांच्या चकचकीत बुटांवर गळत होतं. एवढ्या वेळात कुणाचंच लक्ष नव्हतं. मला कुठे ओलं बघवत नाही. खाली बसले, पदरानं बूट पुसले, फरशी पुसली, बादली उचलून निघाले. काचेपलीकडून आचारी ट्रे घेऊन चालला होता.

मी लाँड्रीत पोचायच्या आधी बातमी पोचली. मालकांचा निरोपही पोचला होता, संध्याकाळच्या जेवणाला कामावर ये. थोरला कोट घालत होता.

"पाया पडलीस त्याच्या," तो म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"आचाऱ्यानं पाहिलं. खाली बसली होतीस. आई, मी काही केलं नव्हतं. बादली दाखवायला गेली होतीस ना? मग पाया का पडलीस? म्हणजे मी केलं होतं आणि त्यांनी दया येऊन कागद लिहून दिला, असंच झालं."

सून कापडं पिळायची थांबली. एक वाक्य पुरेसं होतं. ते माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, आणि माझ्या जिभेच्या टोकावर आलेलं आजवर कधी परत गेलं नाही, हे गल्लीत कुणालाही विचारा.

"पडले," मी म्हटलं. "जा कामाला. कॉलर सरळ कर."

त्यानं केली नाही. तसाच गेला.

याला सहा वर्षं झाली. थोरला आता त्या हॉलचा मुख्य आहे. माझ्याशी नीट बोलतो, औषधं आणून देतो, पण वाइनचं काही जेवताना सांगत नाही. मीही विचारत नाही. ज्या बाईनं कुणापुढे मान झुकवली नाही, ती सहा वर्षं पाया पडलेली बाई म्हणून त्याच्यासमोर वावरली. रात्री कूस बदलताना प्रत्येक वेळी वाटायचं, उठावं आणि सांगून टाकावं. उठायचे, पाणी पिऊन परत पडायचे.

नाकवाले गेल्या आठवड्यात गेले. सुनेनं पेपरात वाचलं.

चार दिवस लागले मला एवढं लिहायला, अक्षर काही धड नाही. कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवलाय. वाऱ्यानं उडेल म्हणून वर इस्त्री ठेवली, मग जळेल म्हणून काढली. थोरला साडेतीनला जेवायला येतो. अजून अडीचच वाजलेत.