एक फोल्डर सोडून

“एक फोल्डर सोड ना, यार. माझंच आहे.”

“म्हणूनच नाही सोडत, सर.”

परळच्या त्या ऑफिसात हितेंद्र टीमचा प्रमुख. संघमित्रा त्याच्या हाताखाली चार वर्षं. पुढच्या महिन्यात त्याच्या खालोखालची जागा तिची, असं त्यानेच सांगितलेलं.

कंपनी दवाखान्यांच्या बुकिंगची ॲपं करते. नऊ प्रोजेक्ट, नऊ तऱ्हा. वरळी कोळीवाड्यातल्या एका म्हातारीला त्यातलं एक ॲप ‘बुकिंग झालं’ म्हणालं. झालं नव्हतं. कोडने चूक पकडली आणि कुणाला न कळवता गुपचूप गिळून टाकली. म्हातारी डायलिसिसविना घरी परतली.

त्यानंतर संघमित्राने नऊही प्रोजेक्टांना एकच नियमावली लावली. कोड आपोआप तपासला जायचा. गिळलेली चूक दिसली की लाल ओळ. लाल असेपर्यंत कोड पुढे जात नाही. आधी तिने स्वतःचाच कोड तपासला. अडतीस लाल. तीन दिवस निस्तरत बसली.

हितेंद्रच्या कोडचं फोल्डर: एकशे तेरा.

“चारला डेमो आहे.”

“आत्ता बारा वाजलेत. बसू दोघं.”

“अगं, लीड मी आहे ना?”

“नियमात लीड नाहीये, सर.”

“चाळ कमिटी समजलीस काय ऑफिसला?”

“आमच्या बीडीडी चाळीत नळावर सेक्रेटरीची बादलीपण रांगेतच असते.”

कुणीतरी फिसकन हसलं. तिथेच बिघडलं.

दोन वाजता नियमावलीतले बदल मंजूर करायचा तिचा हक्क हितेंद्रने स्वतःकडे घेतला. सव्वादोनला नियमावलीत सूट देणारी एक ओळ आली: हे फोल्डर सोडून. डेमो झाला, टाळ्या झाल्या. पुढच्या महिन्यात ती जागा टीममधल्याच दीपकला मिळाली. पेढे वाटत तो तिच्याकडे सगळ्यात शेवटी आला आणि खाली बघत उभा राहिला. तिने दोन उचलले.

बदल सुचवायची मुभा मात्र अजून सगळ्यांनाच होती.

सोमवार, सकाळी दहा. सूचना: सूट काढावी.
नामंजूर.

मंगळवार, दहा. सूचना: सूट काढावी.
नामंजूर.

बुधवार, दहा. सूचना: सूट काढावी. कारण: कालचंच.
नामंजूर.

शेजारी नव्याने रुजू झालेली अपेक्षा खुर्ची सरकवत आली. “ताई, रोज काय टाकतेस? तो बघतपण नसेल.”

“बघतो गं. नामंजूर करायला उघडावंच लागतं.”

गुरुवार, दहा. सूचना: सूट काढावी.