माझा ब्रेक चांगला होता

मित्रांनो, परतवाड्याच्या स्टँडबाहेर उभी राहणारी मी एक जुनी जीप आहे. माझ्यात नऊ जणांची बैठक आहे. प्रत्यक्षात किती बसतात ते विचारू नका. ड्रायव्हरच्या उजव्या अंगालाही एकाला टेकवतात.

नवी होते तेव्हा मालक चंद्रभानभाऊंनी मला झेंडूचा हार घातला होता. पुढे संत्र्याच्या बागा वाळल्या. त्या वर्षांत माणसं काम शोधायला जायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. त्यांची ने-आण करायचा माझा ड्रायव्हर शाकीब. माझा क्लच त्याच्याइतका जपून कुणी दाबला नाही.

तोच शाकीब झोपेनासा झाला. नुसता बसला तरी छाती धडधडायची. अमरावतीच्या डॉक्टरांनी मनाच्या आजाराची गोळी दिली आणि ती अंगवळणी पडेपर्यंत गाडी चालवू नको म्हणून बजावलं. त्याच्या बायकोने, नईमानेही, डॉक्टरांचं ऐक म्हणून हात जोडले, पण तो मानेना. कुणाला कळलं तर पागल म्हणतील, चाबी काढून घेतील. रिकाम्या गाडीत तो हे माझ्यापाशीच पुटपुटायचा. गोळ्या त्याने माझ्या सीटखाली, जॅकच्या पिशवीत लपवल्या.

एका सकाळी घाटात त्याची मान खाली गेली. मी दरीकडे सरकले. भाजीवाली बेबीताई किंचाळली तसा त्याने पाय दाबला. कठड्याला घासून मी थांबले.

"ब्रेक लागून नाही राह्यला," शाकीब म्हणाला.

असा राग आला मला! पण लोकांनी त्याला पाणी पाजलं, पाठीवर हात ठेवला.

"गाडीच ते, बिघडनच," बेबीताई म्हणाली.

निरोप मिळताच चंद्रभानभाऊ आले. त्यांनी मला पुढे-मागे करून पाहिलं.

"ब्रेक तं मस्त आहे. चाल, बस." त्यांनी चाबी पुढे केली.

घाट अजून बराच होता. माणसं पुन्हा चढून बसली होती. शाकीब चाबीकडे पाहत राहिला. मग त्याने सीटखालून पिशवी ओढली.

"भाऊ, मलेच डुलकी लागली. मनाच्या आजाराची गोळी चालू आहे. डॉक्टरनं गाडी मना केली होती."

आता कुणी पाणी दिलं नाही. काही जण खाली उतरले.

"सकाळी सांगाले काय झालतं?" चंद्रभानभाऊ ओरडले.

"सांगतलं असतं तं तुमी ठेवलं असतं?"

भाऊंनी चाबी परत मुठीत घेतली. ते स्वतः स्टिअरिंगवर बसले. "बस बाजूले. गोळी सोडू नको."

मित्रांनो, शाकीब सध्या सवाऱ्या भरतो. चाबी अजून मिळालेली नाही. माझं काही वाजलं की तुम्ही सगळे वाकून बघता, हजार सल्ले देता. त्याच्याशी बोलताना मात्र नजर चुकवता. जाता-येता त्यालाही विचारा ना, "काय शाकीब, बरं वाटून राह्यलं का?"