पाण्यावर रेंज

चार वाजून पाच मिनिटांनी मला कळलं, की माझ्या प्रवेशाचा ओटीपी ताईच्या जुन्या नंबरावर गेला आहे.

एम.एस्सी. भौतिकशास्त्राची माझी जागा पाच वाजेपर्यंत ऑनलाइन नक्की करायची होती. नाही केली तर ती यादीतल्या पुढच्या उमेदवाराची. मी सांगलीत, वसतिगृहाशेजारी जयराजच्या ऑनलाइन केंद्रात बसले होते. सगळं भरून झालं. शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर आलं, की सहा अंकी ओटीपी नोंदणीकृत मोबाईलवर पाठवला आहे. खाली त्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे होते. ते माझे नव्हते.

"कुणाचा नंबर?" जयराजनं विचारलं.

"ताईचा. जुना."

"मग लावा की फोन ताईला."

"ती विमानात आहे."

आमच्या घरात प्रत्येकाच्या फॉर्मवर ताईचाच नंबर असतो. माझी थोरली बहीण संयोगिता साखर कारखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, आणि इंग्रजी मेसेज ती लगेच वाचते, म्हणून. दोन महिन्यांपूर्वी तिनं नवं कार्ड घेतलं. जुन्याचं काय केलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आज दुपारी दीडच्या विमानानं ती मुंबईहून नैरोबीला निघाली होती.

मी जुना नंबर लावला. एक रिंग, आणि कट. परत लावला. एक रिंग, कट. म्हणजे कार्ड चालू होतं, कुणाच्या तरी फोनमध्ये होतं. ज्याच्याकडे असेल तो मेसेज तरी बघेल, म्हणून मी दुसऱ्यांदा ओटीपी मागवला. कुणाचाच फोन आला नाही. जागा नक्की करायचा ओटीपी तीनदाच मिळत होता. आता एकच उरला.

गावी, कुंडलला, आईला फोन करून विचारलं. "मला काय म्हाईत बाई तुमच्या कार्डांचं," ती म्हणाली. "तुजं आबा बी न्हाईत घरात."

या विमानात मेसेजपुरतं वायफाय फुकट असतं, असं ताईनं निघताना सांगितलं होतं. मी तिच्या नव्या नंबरावर लिहिलं, 'जुनं सिम कुठं आहे? पाचपर्यंत ओटीपी हवा.' एक टिक आली. दुसरी येईना.

"समुद्रावर कसलं वायफाय, मॅडम?" जयराज म्हणाला. "लाटांवर टॉवर उभा केलाय काय कुणी?"

"टॉवर नाही, उपग्रह. विमानाच्या पाठीवर अँटेना असते. ती वर बघते. खाली समुद्र असो नाहीतर ऊस, तिला फरक पडत नाही."

"मग टिक एकच का?"

"उपग्रह खाली रेंजचे गोल पाडतो, बॅटरीचा उजेड पडावा तसे. एका गोलातून दुसऱ्यात जाताना मध्ये तुटतं. येईल."

आलीच. चार बाराला दुसरी टिक दिसली, आणि ताईचं उत्तर आलं. एकच शब्द.

'पाण्यावर.'

मी लगेच लिहिलं, 'ते कळलं. सिम कुठंय?' परत एकच टिक.

विमानांचा नकाशा दाखवणारं पान मी उघडलं. ताईचं विमान अरबी समुद्राच्या मध्यावर होतं, चारी बाजूंनी निळं. शब्द बरोबर बसत होता. मी समुद्रावर आहे, रेंज तुटतेय, आली की सांगते, असं तिला म्हणायचं असणार. विमानाचा वेग आणि दिशा समोरच होती. दहा मिनिटांत ते पुढच्या गोलात शिरेल, असा माझा अंदाज होता. मी थांबले. मध्ये जुना नंबर आणखी दोनदा लावून पाहिला. एक रिंग, कट.

साडेचार झाले. टिक एकच होती. तेवढ्यात आबांचा फोन आला.

"शिवे, तुज्या ताईनं मोटरीला हे काय डबडं बसवलंय गं? मगाधरनं चालू-बंद, चालू-बंद! मी हितं उसाला दारं धरून उभा हाय, आनि पाणी सरीच्या निम्म्यात गायब!"

"आबा, नंतर बोलते. पाचपर्यंत माझं काम—"

"आगं चार येळा झालं! वायरमनला बी बोलावलंय. त्यो म्हनतो, लाईट चांगली हाय."

"आबा, मी ताईचं जुनं सिम शोधतेय. तिचा मेसेज आला, पण ती पाण्यावर आहे, म्हणून—"

"ती कशी पाण्यावर? पाण्यावर तर मी हाय!"

मी ताईचा मेसेज परत उघडला.

कुंडलला उसाला पाणी द्यायला गेलेला माणूस 'पाण्यावर' असतो. खोरं तिकडे राहिलं, तर ते 'पाण्यावर राहिलं'. मी ताईला सिम कुठं आहे, असं विचारलं होतं, आणि तिनं सिम कुठं आहे ते सांगितलं होतं. सांगलीच्या तीन वर्षांत मी हा शब्द विसरले होते, आणि वर त्याला उपग्रह जोडला होता.

मोटरीच्या स्टार्टरमध्ये एक सिम असतं. त्या नंबरावर घरच्यांनी फोन केला, की मोटर चालू होते. परत केला, की बंद. फोन उचलला जात नाही, एका रिंगनंतर कट होतो. ताईनं तो बसवताना घरातल्या सगळ्यांचे नंबर त्यात घातले होते, म्हणजे माझाही. आणि मी चारदा फोन लावला होता.

खात्री करणं गरजेचं होतं. "आबा, फोन ठेवते. मोटरीकडं बघा."

मी जुना नंबर लावला. एक रिंग, कट. मग आबांना लावला.

"बंद झाली का?"

"झाली की! आता तू बी करनी करायला लागलीस व्हय?"

"त्या पेटीतच ताईचं कार्ड आहे. आधी मेन स्विच पाडा. मग कार्ड काढून तुमच्या फोनात घाला."

"माज्या? ह्या बटनाच्या फोनाला तर समदी हसता."

"स्टार्टरला लागतं ते मोठं कार्ड तुमच्यातच बसतं. आमच्यात नाही बसत."

"आनि रेंज असंल का हितं?"

"मोटर फोनवर चालते ना? मग आहे."

यानंतर आबांचा फोन बंद झाला. तो होणारच होता. एकाच कार्डाची जागा आहे त्यात. जयराज घड्याळ बघत होता आणि मला चहा हवा का, हे तिसऱ्यांदा विचारत होता. मी मनात आबांच्या हातांबरोबर चालत होते. स्विच, पेटीचा खिळा, कार्ड, फोनची बॅटरी. सात मिनिटं धरली. चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी जुना नंबर लावला.

एक रिंग. दुसरी. तिसरी.

"कोन?"

"मी, आबा."

"आगं फोन माजा आनि नंबर मोटरीचा! म्हंजे आता मीच मोटर झालो की गं!"

"मेसेज येईल. त्यातले सहा आकडे वाचा."

तिसरा, शेवटचा ओटीपी मी मागवला. आबांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला, जणू पलीकडच्या शेतातल्या माणसाला सांगत होते. मी परत एकदा वाचायला लावले, मग भरले. 'जागा निश्चित.' चार एकोणपन्नास.

जयराजनं टेबलावर थाप मारली आणि प्रिंटर चालू केला.

"झालं का?" आबांनी विचारलं.

"झालं. आबा, अजून एक येईल. तोही वाचा."

"आता कशाचा?"

"माझ्या नावापुढचा ताईचा नंबर काढतेय. माझा घालतेय."

"घाल की. कवाच घालायला पायजे हुता."

दुसरे सहा आकडेही त्यांनी तसेच ओरडून वाचले. मी माझा दहा आकडी नंबर टाकला, आणि माझ्या हातातला फोन थरथरला.

"आलं का?"

"आलं. माझ्याकडं."

"मग ठिव फोन. हे कार्ड जागच्या जागी घालू दे. निम्मा ऊस ऱ्हायलाय माजा."