काचेची पेटी आणि तोयोबाईंची कात्री

मी एक जुनी राक्षसीण आहे, मित्रांनो. जुनी म्हणा, हरकत नाही. म्हातारी म्हणाल तर शेपटीचा फटका खाल. माझे नाव उमिगोरा. ‘आकाशरक्षक’ नावाची मालिका दर रविवारी टीव्हीवर लागायची. तिच्यात मी समुद्राच्या तळातून वर यायचे आणि अख्खे टोकियो शहर पायाखाली घ्यायचे. मला बघताना मुलांच्या हातातला भाताचा घास हातातच राहायचा. हे मी फुशारकीने सांगत नाही. बरे, थोड्या फुशारकीने सांगते.

खरे म्हणजे मी रबर, स्पंज आणि कापड यांचा एक पोशाख आहे. आत माणूस शिरतो, मागून कुणीतरी पाठीवरची चेन ओढतो आणि मग मी जागी होते. आत कुणी नसले की मी खुंटीवरचे लक्तर, बघते-ऐकते तेवढे, हलता येत नाही. हे माझे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला नको.

मला घडवले तोयोबाईंनी. तामा नदीच्या काठी स्टुडिओ होता आणि त्याच्या मागे त्यांची शिवणखोली. बाई बुटक्या, जिभेने तिखट. कंपनीचा मोठ्यात मोठा साहेबसुद्धा त्या खोलीत शिरताना बूट बाहेर काढून, मान लववून यायचा. तिथल्या पोशाखांना कात्री लावायची तर तोयोबाईंच्या हुकमाशिवाय नाही, असा रिवाजच पडला होता.

आमच्यात नवा राक्षस कधी कोऱ्या मालातून होत नाही. जुन्याची शिंगे उतरवायची, शेपूट कापायची आणि उरलेल्या धडावर नवा जीव उभा करायचा. माझे धड आधी गारुबो नावाच्या खेकड्याचे होते. त्याच्या नांग्या गेल्या, माझे कल्ले आले. पण मी इतकी गाजले की मला कापायचे कुणाच्या मनातही आले नाही. माझ्यासमोर किती जण कापले गेले आणि भलत्याच नावाने परत आले. मी त्यांना ठिगळाचे म्हणायचे. माझ्या डाव्या बगलेत गारुबोचा हिरवा तुकडा तसाच होता, त्याकडे मी बघत नसे.

माझे जाड रबर शिवताना तोयोबाईंच्या सुया मोडायच्या. मोडकी सुई त्या टाकून देत नसत, डबीत ठेवत. फेब्रुवारीत एका ठरलेल्या दिवशी ताटलीत टोफूची पांढरी मऊ वडी ठेवून त्या सगळ्या सुया तिच्यात टोचत आणि हात जोडत. जन्मभर कठीण जागी घुसलीस बाई, आता मऊ जागी नीज, असे त्या सुईला सांगत.

माझ्या आत असायचा केन्झो इसोदा. शिडशिडीत अंगाचा, चारचौघांत बोलायला लाजणारा. चेन ओढली की मात्र असा डरकाळायचा की सेटवरच्या लाकडाच्या छोट्या इमारती आम्ही धक्का द्यायच्या आधीच हलायच्या. चित्रण संपले की माझ्या पायांतून त्याचा घाम ओतून काढावा लागे. मग तोयोबाई मला उलटी करून पुसत, पंख्यापुढे वाळवत आणि त्याला ऐकवत, “माझ्या पोरीला लोणच्यासारखी खारवून ठेवलीस.” तो हसून मान खाली घालायचा.

इसोदाचा एक नियम होता. मुलांना पाठ दाखवायची नाही. पाठीला चेन असते ना. म्हणून हरले तरी मी मुलांकडे तोंड करून, उलट्या पावलांनीच मागे जायचे.

पुढे दिवस बदलले. आम्हा राक्षसांना हरवायला दरवर्षी नवा रक्षक येऊ लागला. त्याच्या हातात दर आठवड्याला नवे शस्त्र, कारण तेच खेळण्यांच्या दुकानात मांडायचे असे. शस्त्रे वाढत गेली, गोष्ट मात्र कालच्या भातासारखी शिळी. त्यात संगणकातले राक्षस आले. त्यांना घाम येत नाही, त्यांच्यापायी सुया मोडत नाहीत. मला टीव्हीवरून काढून मोठ्या दुकानांच्या गच्चीवर खेळ करायला पाठवले. उन्हात, आईस्क्रीमच्या गाड्याशेजारी. मी तिथेही राणीसारखीच उभी राहिले.

अशाच एका गच्चीवर नको ते झाले. इसोदाचा पाय वायरीत अडकला, आम्ही गर्रकन फिरलो आणि चेन तटकन उघडली. पुढच्या रांगेत बालवाडीची पिवळी टोपी घातलेली एक मुलगी बसली होती. तिने ती चेन बघितली. आतला ओला बनियनही बघितला. तिचे तोंड उघडेच राहिले. त्या दिवशी इसोदाने भाताचे गोळे डब्यातून बाहेरही काढले नाहीत.

“एका पोरीचं स्वप्न मोडलं मी आज,” तो म्हणाला.

तोयोबाईंनी लगेच नवी चेन बसवली.

नंतर मालिका बंद पडली. कंपनीने जाहीर केले की आकाशरक्षक विश्रांती घेत आहे. किती काळ, ते कुणी सांगितले नाही. पुढे गच्चीवरचे खेळही थांबले. गोदामातले माझे सोबती एकेक करून भंगाराच्या गाडीत गेले. तोयोबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, तरी काठी टेकत यायच्या, माझ्या भेगा चिकटवायच्या आणि जायच्या. त्यांनी मला वाऱ्यावर सोडले असते तर आज माझा भुगा दिसला असता.

गेल्या फेब्रुवारीत, सुयांच्या त्याच दिवशी, शिवणखोलीत दोन पाहुणे आले. पहिले कंपनीचे हायासाका साहेब. योकोहामात एक दालन उघडणार होते. तिथे माझ्यासाठी काचेची पेटी, वर दिवे, आत गार हवा. रबर कधी तडकणार नाही, लोक येतील, फोटो काढतील. माझा ऊर भरून आला. अखेर माझी किंमत कळली म्हणायची.

दुसरी होती मिझुहो नावाची तरुण दिग्दर्शिका. कंपनीने तिला एकच भाग करायला दिला होता. लोकांनी तो बघितला तर मालिका पुन्हा सुरू, नाहीतर आकाशरक्षकाचे नाव कायमचे मिटले. नव्या पोशाखाइतका पैसा तिच्याकडे नव्हता. तिला माझे धड हवे होते. शिंगे, तोंड, शेपूट कापून.

साहेब म्हणाले, “संगणकावर कर की. एका भागासाठी एवढी जुनी राणी कापणार? आणि तो भाग पडला तर? पेटीही गेली आणि मालिकाही.”

“लहानपणी मी गच्चीवर हिचा खेळ बघितला होता,” मिझुहो म्हणाली. “हिची चेन उघडली, तेव्हा मी समोरच होते.”

कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या इसोदाचा पेला थांबला. त्याने हळूच विचारले, “पिवळी टोपी?”

“हो. त्या दिवसापासून मला हिची जास्त भीती वाटायला लागली. आत खरंच कुणीतरी श्वास घेतंय, हे कळलं ना. म्हणून तर मी या कामात आले.”

इसोदाने तोंड भिंतीकडे वळवले. खांदे तेवढे हलत होते.

सगळे तोयोबाईंकडे बघू लागले. बाईंनी वर्षभरातली शेवटची मोडकी सुई टोफूत टोचली, हात जोडले आणि माझ्याकडे बघितले. मी मनात म्हणत होते, पेटी म्हणा, बाई, पेटी म्हणा.

“मोडलेल्या सुईला मऊ जागी झोपवतात,” त्या म्हणाल्या. “ही मोडलीय कुठं?”

मग साहेबांपुढे हात पसरून म्हणाल्या, “ती कात्री द्या इकडं. तोंड तेवढं तुम्ही घेऊन जा. काचेत ठेवायला तेवढं पुरे.”

साहेबांनी दोन्ही हातांनी कात्री दिली. दुसरे काय करणार?

कात्री लागली तेव्हा मी तोयोबाईंना मनातल्या मनात काय काय बोलले, ते मुलांसमोर सांगण्यासारखे नाही. बाई मात्र कापताना पुटपुटत होत्या, “गारुबोपण असाच हट्टी होता. तुझ्या डाव्या बगलेत अजून बसलाय बघ.” तेव्हा पहिल्यांदा मी तिकडे बघितले. होता खरा. इतकी वर्षे माझे वजन त्यानेही उचलले होते.

आता मला पाठीवर पिसारा आहे आणि नवे तोंड आहे. जुने तोंड योकोहामात काचेत बसून फोटो काढून घेते. तोंड तिथे आणि मी इथे, तरी माझी बोलायची खोड गेली नाही, हे तुम्ही बघताच आहात.

चित्रणाच्या पहिल्या दिवशी काम निर्विघ्न व्हावे म्हणून पुजाऱ्याने आमच्यावरून पांढऱ्या कागदांची छडी फिरवली. माझ्या आत नात्सुए नावाची मुलगी शिरली. चेन ओढायला इसोदा होता.

“पोरांना पाठ दाखवू नकोस,” तो तिला म्हणाला. “आणि चुकून दिसलीच, तर घाबरू नकोस.”

चेन वर गेली. आत एका नव्या काळजाची धडधड सुरू झाली आणि मी जागी झाले.

तो भाग अजून लागलेला नाही, मित्रांनो. लोक बघतील की नाही, मला ठाऊक नाही. तोयोबाईंनाही नाही, पण त्यांनी नव्या सुयांची पुडी आणून ठेवली आहे. एवढेच सांगते, आवडती वस्तू नुसती कपाटात मांडून ठेवू नका. तिला पुसा, शिवा, वापरा, वेळ आली तर कापून पुन्हा नवी करा. गोष्टींचेही तसेच करा.

आता मला चित्रणासाठी हाक मारताहेत. निघते मी. तुमच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी.