मला गप्प बसवणारी ओळ

मित्रांनो, छापखान्याच्या आतल्या खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांमागे, विटक्या चादरीखाली झाकून ठेवलेला एक जुना संगणक आहे. तो मी. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही. पण ती सांगायलाच हवी, कारण ती अजून संपलेली नाही.

कारखान्यातून मी थेट एका कॉलेजच्या गणित विभागात गेलो. तिथले मास्तर माझ्यावर पुस्तके जुळवत. हा मथळा, हे ठळक, इथून तक्ता सुरू, इथे तक्ता संपला, अशा आज्ञा ते मजकुरातच लिहून ठेवत आणि त्या वाचून मी पान रचत असे. पुढे विभागात नवे संगणक आले, तेव्हा मास्तरांनी मला ओळखीतल्या एका दोन खोल्यांच्या छापखान्याला देऊन टाकले.

छापखान्यात तिघेच. मालक, त्यांच्या थोरल्या भावाची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, आणि कागद कापणारे काका. वहिनींनी तोवर संगणकाला फडक्याशिवाय कशानेही हात लावला नव्हता. मास्तर आठवडाभर रोज दुपारी येऊन त्यांना शिकवत. आज्ञा उलट्या तिरप्या रेघेने सुरू करायची. उघडलेला महिरपी कंस बंद करायचा. जे सुरू केले, ते संपले असे सांगायचे. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे स्वयंपाकघरासारखंच की. डबा उघडला तर झाकण लावायचं." तरी पहिल्याच दिवशी एक झाकण राहिले आणि अख्खे प्रकरण ठळक अक्षरांत उमटले. आधी त्या रडवेल्या झाल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

शेवटच्या दिवशी मात्र मास्तर हसले नाहीत. "चूक झाली तर हा थांबतो, त्याची भीती नाही," ते म्हणाले. "शंका आली तर हा थांबत नाही. नुसता पुटपुटतो. त्या पुटपुटण्याची भीती बाळगा."

हे पुटपुटणे म्हणजे काय, ते सांगतो. एखादी ओळ ठरलेल्या रुंदीत मावली नाही, तर मी ती कापत नाही. तिला समासात बाहेर जाऊ देतो आणि पडद्यावर लिहितो की अमुक ओळ इतकी बाहेर गेली. त्याहून जास्त काही माझ्या हातात नाही.

पहिली तीन वर्षे वहिनी माझे प्रत्येक पुटपुटणे वाचत. ओळ सुधारत, पुन्हा पान काढत. गिऱ्हाइके म्हणत, काय सुबक काम आहे. मला वाटे, हे असेच चालणार.

मग एक निवृत्त पोस्टमास्तर आपल्या कविता घेऊन आले. त्यांच्या ओळी चांगल्याच लांबलचक होत्या. प्रत्येक पानाला मी वीस-वीस वेळा पुटपुटू लागलो. ते शेजारी खुर्ची टाकून बसत आणि पडद्याकडे बघून घाबरत. माझ्या कवितेत एवढ्या चुका आहेत का, असे विचारत. मालक वैतागले. म्हणाले, "वहिनी, ह्याचं तोंड बंद करता येत नाही का?"

करता येत होते. मास्तरांनी माझ्यासोबत दिलेल्या पुस्तकात शोधून वहिनींनी ती आज्ञा काढली. ओळ बोटभर बाहेर गेली तरी बोलू नकोस, एवढाच तिचा अर्थ. फाइलच्या अगदी वर त्यांनी ती लिहिली आणि मी गप्प झालो. कवितासंग्रहाचे समास रुंद होते. कोणाचेच काही बिघडले नाही. आपले आपण शोधून काढले, म्हणून वहिनींना केवढा आनंद झाला होता. तो पाहून मलाही बरे वाटले, हे मी लपवत नाही.

फाइलच्या वरच्या आज्ञांना वहिनी डोके म्हणत. नवे काम आले की जुन्या फाइलचे डोके उचलायचे आणि नव्या धडाला लावायचे, ही छापखान्याची रीत. त्यात वेळ वाचे. एका फाइलचे डोके दुसरीला लागले, दुसरीचे तिसरीला. दर वेळी ती ओळ सोबत गेली. वर्षभरात वहिनी ती विसरून गेल्या. पडदा स्वच्छ दिसे आणि त्यांना वाटे, आपला हात बसला.

अशात एके दिवशी त्यांची नणंद आली. ती मुलांच्या दवाखान्यात मुख्य परिचारिका होती. औषधांचे हाताने लिहिलेले तक्ते तिने टेबलावर ठेवले. "खिशात मावलं पाहिजे, वहिनी," ती म्हणाली. "नव्या मुली आल्यात. मी प्रत्येकीच्या मागे उभी नाही राहू शकत. हे पुस्तक उभं राहील."

वहिनींनी तक्ते जुळवले. नवव्या पानावर एक दुधासारखे पांढरे इंजेक्शन होते. ते फक्त स्नायूत द्यायचे. शिरेत गेले तर मुलाचा श्वास काही मिनिटांत थांबू शकतो. म्हणून शेवटच्या रकान्यात सूचना होती: 'स्नायूत खोल देणे, शिरेतून देणे टाळा'. बाकीच्या सगळ्या सूचना आखूड होत्या, ही एकच लांब. तिचा शेवटचा शब्द समास ओलांडून, जिथे कागद कापला जातो त्या रेषेच्याही पलीकडे गेला.

मित्रांनो, मला ते माहीत होते. किती बाहेर, ते केसाइतक्या अचूक मापाने माहीत होते. पण फाइलच्या डोक्यात ती ओळ होती. मी गप्प राहिलो.

तपासणीची प्रत मोठ्या कागदावर निघाली. त्यावर सूचना पूर्ण होती. नणंदेने प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचले आणि सही केली. काकांनी छापलेले गठ्ठे खिशाच्या मापाने कापले. हिरव्या पुठ्ठ्याच्या दोनशे पुस्तिका दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पोचल्या.

दुपारी तीनच्या सुमारास काका कापलेल्या पट्ट्या पोत्यात भरत होते. त्यांतली एक हातात घेऊन ते आत आले. "वहिनी, हे बघा. पट्टी उचलली की 'टाळा', दुसरी उचलली की 'टाळा'. काय टाळायचं ते तरी छापायचं होतं."

मालक हसले. वहिनींनी पट्टी घेतली, उरलेली एक पुस्तिका उघडली आणि पट्टी नवव्या पानाच्या कडेला लावली. ती अगदी चपखल बसली. मग त्यांनी पट्टी बाजूला केली आणि पान पुन्हा वाचले. स्नायूत खोल देणे, शिरेतून देणे. काही सुटले आहे असे वाटतच नव्हते.

फोन माझ्या शेजारीच होता. वहिनींचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "वन्सं, पुस्तिका वाटल्या का? नववं पान फाडा. सगळ्यांतलं. आधी फाडा, कारण मग सांगते."

फोन ठेवून वहिनींनी नणंदेकडून कळलेले मालकांना सांगितले. एका नव्या मुलीने तासाभरापूर्वी सिरिंज भरली होती. पुस्तिका उघडून, पान बघून. तीन वर्षांच्या पोराला दोनदा टोचले, पण शीर सापडली नाही, म्हणून ती मोठ्या परिचारिकेला बोलवायला गेली. मोठीने सिरिंजमधला पांढरा रंग पाहिला आणि सिरिंज काढून घेतली.

"मीच तोंड बंद करायला सांगितलं होतं," मालक म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत, भावजी," वहिनी म्हणाल्या. "लिहिलं मी."

त्या संध्याकाळपर्यंत पुस्तिका परत येत राहिल्या. वहिनींनी त्या तीनदा मोजल्या. छापखान्यात राहिलेली धरून दोनशे एक हव्या होत्या, दोनशे भरल्या. नणंदेने कपाटे उपसली, धुवायला गेलेल्या एप्रनांचे खिसे तपासले. त्याच दिवशी तिघी मुली बदलीवर दुसऱ्या गावी गेल्या होत्या. तिघींनीही कळवले की आमच्याकडे नाही. त्या खरेच बोलत असतील. सामानाच्या तळाशी काय गेले, ते आपल्याला तरी कुठे माहीत असते?

वहिनींनी प्रत्येक फाइल उघडून ती ओळ खोडली. त्यानंतर मी पुटपुटलो की त्या मोठ्याने वाचत आणि फूटपट्टी घेऊन बसत. पुढे नवा संगणक आला आणि माझ्यावर चादर पडली. त्याचे मला दुःख नाही. विश्रांतीही वाटत नाही. चादरीखाली मी एकाच गोष्टीचा विचार करतो.

मित्रांनो, कुणाची कुरकुर बंद करायचीच असेल तर एका कामापुरती करा, आणि ते काम संपले की त्याला पुन्हा बोलू द्या. मला एवढेच कळले आहे, आणि तेही उशिरा. पण एक काम तुम्ही आजही करू शकता. तुमच्या आईच्या, मावशीच्या, शेजारणीच्या कपाटात खिशात मावेल अशी हिरव्या पुठ्ठ्याची पुस्तिका दिसली, तर नववे पान काढा. शेवटच्या रकान्यातली सगळ्यांत लांब सूचना वाचा. ती कागदाच्या अगदी कडेपर्यंत जाऊन 'देणे' या शब्दावर संपत असेल, तर कुणाला विचारत बसू नका. ते पान फाडून टाका.