लाल डमी

"घ्या ताई, भरल्या दोन्ही," म्हणत भाऊजींनी पिस्तुलाच्या मॅगझिन पुढे केल्या. "आज जरा आमच्यावर दया करा."

"दया कसली? मघाशी नेम नीट धरला असतात तर ही वेळच आली नसती," ताई म्हणाल्या. दोरीपलीकडच्या मंडळींत हशा पिकला. भाऊजीही हसले, जरा जास्तच.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायच्या. आठवडाभर इवलेइवले स्क्रू पिळून अंगठ्याचा सांधा असा धरायचा, की मॅगझिनची ताठ स्प्रिंग दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून त्यांच्या गोळ्या भाऊजी भरायचे. भाऊजी म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करणारे. नवरा गेल्यावर ताई रविवारी भिंतीकडे बघत बसतात हे पाहून त्यांनीच त्यांना या नेमबाजीच्या रेंजवर आणलं, पिस्तूल धरायला शिकवलं. इतकं छान शिकवलं, की शिष्या पुढे निघून गेली. शिकवणं एवढं फळाला आलं की शिकवणाऱ्याला काय वाटतं, ते कुणी विचारत नाही.

ताईंचा दोष एकच होता. दचक. बार उडायच्या आधीच हात खाली झुकायचा. त्यावर रेंजवरच्या मास्तरांचं औषध ठरलेलं: दुसऱ्याने आपली मॅगझिन भरायची आणि खऱ्या गोळ्यांत गुपचूप एक डमी घालायची. डमी म्हणजे बार नसलेली गोळी. चाप ओढला की नुसतं खट् वाजतं, आणि हात झुकला असेल तर सगळ्या जगाला दिसतो. स्पर्धेच्या गोळ्यांत चुकून मिसळू नयेत म्हणून ताईंनी धाकटीच्या नेलपॉलिशने डमी लालभडक रंगवल्या होत्या. दर रविवारी भाऊजी डमी घालायचे, ताईंचा हात झुकायचा आणि भाऊजी ओरडायचे, "सलाम ठोकला!"

आज मात्र सराव नव्हता. मोठ्या स्पर्धेला जाणाऱ्या क्लबच्या संघात एकच जागा उरली होती आणि शेवटच्या फेरीला येईपर्यंत त्या जागेसाठी दोघंच उरले होते. भाऊजींची फेरी झाली होती. ताई थोड्याशा पुढे होत्या. नेहमीसारखी फेरी मारली, की जागा त्यांची. बायकोच्या थोरल्या बहिणीकडून हरायचं आणि तिला घरी जेवायलाही बोलवायचं, हे भाऊजींच्या वाट्याला गेले कित्येक महिने आलं होतं.

बझर वाजला. ताई धावल्या. पहिल्या आडोशामागून कागदी निशाणं, मग पळतापळताच मॅगझिन बदलून दुसरा आडोसा. या खेळात गुणांना वेळेने भागतात. नुसता अचूक माणूस मागे राहतो, नुसता घाईवाला तर त्याहून मागे. ताईंचं दोन्ही जुळून आलं होतं. उरल्या होत्या फक्त शेवटच्या लोखंडी पट्ट्या. एक पडली. दुसरी पडली.

खट्.

क्षणभर ताई तशाच उभ्या राहिल्या. मग शिकवल्याप्रमाणे मॅगझिनला खालून थाप मारली, पिस्तुलाची वरची स्लाइड मागे खेचली, गोळी बाहेर उडाली आणि उरलेल्या पट्ट्या पडल्या. पण तेवढ्यात जायचा तो वेळ गेला होता. पिस्तूल रिकामं करून दाखवलं, म्यानात ठेवलं.

टायमर धरलेले मास्तर चक्रावलेच. "बाई, तुमचा हात हललाच नाही! खट् झालं तेव्हा नळी जागच्या जागी होती, बघितलं मी. दचक गेली हो तुमची!" मग एकदम आवाज उतरवून म्हणाले, "फेरी परत नाही देता येणार पण. गोळ्या तुमच्या, जबाबदारी तुमची."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. वाकून त्यांनी ती गोळी उचलली.

डमीच होती. पण पितळी, लखलखीत. काचेवरचा केसाएवढा ओरखडा हेरणाऱ्या डोळ्यांना तळाच्या खाचेत मात्र लाल रेघ दिसली.

नळाशी भाऊजी तोंड धूत होते. ताईंनी तळवा उघडला.

"अरेच्चा! ही कशी राहिली?" भाऊजी म्हणाले. "ताई, शप्पथ, गडबडीत..."

"रंग कुठे गेला हिचा?"

"उडाला असेल. वापरून वापरून उडतोच."

तेवढ्यात धाकटी डबा घेऊन आली. "ताई, रागावली नाहीस ना गं? हे पण ना, कधीचे झुरत होते या संघासाठी. पंधरा दिवस घरात नुसती पिस्तुलाचीच पूजा! परवा तर माझी नेलपॉलिश काढायची बाटली अख्खी संपवली. म्हणे, साफसफाई करायचीय."

भाऊजी रुमालाने तोंड पुसतच राहिले. पुसण्यासारखं पाणी कधीच संपलं होतं.

धाकटी एकेकाकडे बघून हसत होती. डब्यात ताईंसाठी वेगळा कप्पा होता, त्यांना चालेल असा, कमी तिखटाचा.

"झाली का साफ?" ताईंनी विचारलं.

"हो," भाऊजी म्हणाले. "झाली."

"मग बरं झालं." ताईंनी मूठ मिटली. "भूक लागलीय गं. वाढ."

संघाच्या यादीत भाऊजी लागले. ताईंनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी भाऊजींनी सवयीने हात पुढे केला. "द्या, भरतो."

"राहू द्या. तुमचीच द्या इकडे, आता सराव तुम्हाला हवा."

भाऊजींनी दिली. न देऊन करतात काय? ताईंनी अंगठा चोळत चोळत ती भरली आणि परत केली. भाऊजी नेमाच्या रेषेवर गेले, थबकले, मागे आले. टेबलाकडे वळून, पाठ आड करून, त्यांनी सगळ्या गोळ्या बाहेर काढल्या आणि एकेक उलटीपालटी करून पाहिली. डमी एकच होती. लालभडक.

ताई पलीकडच्या टेबलाशी आपली मॅगझिन भरत होत्या. डमी कुठे पडते ते कळू नये म्हणून मान वळवून, न बघता वाटीतली हाताला येईल ती गोळी उचलत होत्या. पण बार नसलेली गोळी किंचित हलकी असते. बोटांना कळलंच.

त्यांनी पिस्तूल उचललं. बार, बार, बार, मग खट्. नळी हलली नाही. डमी कधी येणार हे आता आधीच माहीत होतं.